आजोबांच्या मोडी वहीतली एक ओळ आणि कवी गोविंद

दौलतगंज

नमस्कार. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात. पाच पिढ्या इथेच. यंदा गणपतीत गल्लीतल्या मुलांचा कार्यक्रम होता आणि निवेदन माझ्याकडे होतं. दहा वर्षांची एक मुलगी पुढे आली. घरी मराठी बोलते, पण शाळा हिंदी-इंग्रजीची. तिने ‘रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ म्हणून दाखवलं. ‘मिळाले’मधला ळ तिने इतका जपून उच्चारला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याआधी मी माइकवर सांगितलं होतं, “आता ऐकू या स्वातंत्र्यवीर सावरकरांची कविता.”

प्रसाद वाटून झाल्यावर ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ काठी टेकत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, ती गोविंदांची आहे. सावरकरांची नव्हे.” कोण गोविंद, हे मला त्यांना विचारावं लागलं. सव्वीस वर्षं मी मराठी शिकवलं. तेवढी वर्षं हीच चूक वर्गात सांगत आले असणार, आणि ती किती मुलांच्या वहीत गेली असेल, हे त्या रात्री मनातून जाईना.

घरी आल्यावर आजोबांची वही काढली. आजोबा शिंदे सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. वही मोडीत आहे. वडिलांनी मला मोडी थोडीफार शिकवली होती, तेव्हा अंदाजाने, अडत अडत वाचता येतं. भजनं आहेत, आरत्या आहेत, एका पानावर धान्याचा हिशेब आहे. आणि मध्येच एका पानाच्या वर ही ओळ आहे. खाली पाच-सहा ओळी, त्यातल्या दोन शाईच्या डागाखाली गेल्या आहेत. कवीचं नाव नाही. बाकीच्या भजनांखाली ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ आहे, हे पान मात्र निनावी.

त्यानंतरचे तीन आठवडे मी याच एका माणसाच्या मागे आहे. जे हाती लागलं ते लिहिते.

गोविंद त्र्यंबक दरेकर. जन्म १८७४, मृत्यू फेब्रुवारी १९२६. नाशिकचे. लहानपणीच पाय गेले, पुढचं सगळं आयुष्य बसून काढलं. मित्रांमध्ये ते ‘आबा’, गावात ‘आबा पांगळे’. शिक्षण नावापुरतं. तरुणपणी शृंगारिक लावण्या रचत. हात रचनेवर बसलेला होता, कान तयार होता, फक्त विषय वेगळा होता.

मग त्यांच्या आयुष्यात सावरकर बंधू आले. १९०० साली नाशकात ‘मित्रमेळा’ सुरू झाला आणि पुढे १९०४ मध्ये त्याचं ‘अभिनव भारत’ झालं. वरवर पाहता गणेशोत्सव, शिवजयंती, व्याख्यानं; आत शस्त्राने स्वातंत्र्य मिळवण्याची शपथ. आबांची लावणी थांबली आणि पोवाडा सुरू झाला. अफझलखानाच्या वधावरचा त्यांचा पोवाडा मेळ्यातली पोरं उत्सवात गाऊ लागली. सावरकरांचे सिंहगडाचा आणि बाजीप्रभूंचा हे पोवाडेही त्याच काळातले. गोविंद आणि सावरकर यांच्या कवितांची सरमिसळ आज होते तिचं मूळ मला इथेच दिसतं. एकाच मेळ्यात, त्याच मुलांच्या तोंडी दोघांची गाणी होती.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. थोरले सावरकर, बाबाराव, यांनी ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने कवितांच्या लहान पुस्तिका छापल्या. सरकारने त्यांतल्या आबांच्या कवितांवरून बाबारावांवर राजद्रोहाचा आणि सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचा खटला भरला. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने शिक्षा सुनावली: जन्मठेप काळं पाणी आणि मालमत्ता जप्त. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. बाबारावांनी ना बॉम्ब टाकला होता, ना कोणावर गोळी झाडली होती. कविता छापल्या होत्या. ते अंदमानात गेले आणि पूर्ण सुटले ते १९२२ मध्ये.

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. कविता एकाची, जन्मठेप दुसऱ्याची. आबांनी नाशकात बसून ती तेरा वर्षं कशी मोजली असतील?

आपल्यापैकी कोणाच्या घरी, गावी या कवीबद्दल काही ऐकलेलं असेल तर कृपया लिहा. येत्या रविवारपासून मुलांना हे नीट सांगायचं ठरवलं आहे.

गोदाकाठ

ताई, मनापासून आभार. मी मूळचा नाशिकचा, नोकरीमुळे वडोदऱ्यात स्थायिक. माझं बालपण तिळभांडेश्वर गल्लीजवळचं. आबा दरेकर त्याच गल्लीत राहत आणि सावरकरांचं बिऱ्हाडही तिथेच होतं. मित्रमेळ्याची पोरं आबांच्याच माडीवर जमत. माझे आजोबा आम्हाला त्या भागातून नेताना चालण्याचा वेग कमी करायचे. एवढंच करायचे, बोलायचे काही नाहीत.

एक गोष्ट मला नेहमी वाटत आली आहे. ज्याला बाहेर जाता येत नाही त्याचं घर आपोआप सगळ्यांचं होतं. आबा कुठे जाऊ शकत नव्हते, म्हणून ते कधीही भेटत. गुप्त संस्थेला अशी जागा लागते आणि असा माणूसही लागतो, जो सदैव तिथे असतो, सगळ्यांचं ऐकतो आणि रात्री एकटा पडला की त्याचं गाणं करतो. हा माझा तर्क आहे, पण त्या गल्लीत वाढल्यामुळे तो मनातून निघत नाही.

त्यांची ‘टिळकांची भूपाळी’ही जरूर मिळवा. भूपाळी देवाला जागं करण्यासाठी म्हणतात. इथे कवीने ती टिळकांसाठी रचली. त्या काळच्या घराघरांत पहाटे काय म्हटलं जायचं ते आठवून वाचा, म्हणजे तिचा भार कळेल.

मोडीवाचक

दौलतगंजताई, वहीबद्दल एक विचारू? पहिला शब्द तुम्ही ‘रणावीण’ असा वाचलात. छापील जागी बऱ्याचदा ‘रणाविण’ आढळतो. वहीत वेलांटी कशी आहे?

दौलतगंज

मोडी असल्यामुळे मला ते ठरवता आलं नाही. दीर्घच दिसते, पण आजोबांच्या वहीत सगळीकडेच दीर्घ दिसते.

मोडीवाचक

बरोबर, मोडीत इकाराला एकच वेलांटी. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद ती लिपी मानत नाही, शब्दांत अंतरही सोडत नाही. आधी पानभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली सरसर अक्षरं लटकवत जायची. त्यामुळे लिपी इथे उत्तर देणार नाही, वृत्त देईल.

ओळ मोजून पाहा. र-णा-वी, ण-स्वा-तं, त्र्य-को-णा, मि-ळा-ले. लघु-गुरु-गुरु, चार वेळा. हा चोख भुजंगप्रयात. ‘वि’ ऱ्हस्व केली की पहिलाच गण मोडतो. म्हणजे म्हणायचं ‘रणावीण’च, छापताना कोणी काहीही छापो.

आणि भुजंगप्रयात म्हटलं की मराठी घरात काय आठवतं?

‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे.’

चाल तीच! समर्थांच्या मनाच्या श्लोकांची. दिवेलागणीला प्रत्येक घरात पोरं जे म्हणत होती, त्याच लयीत आबांनी ही ओळ बसवली. तुमच्या आजोबांच्या वहीत ती भजनांच्या मध्ये आहे याचं नवल वाटायला नको. कानाला ती तिथलीच वाटत असणार.

याचा अर्थ किती खोल जातो पाहा. पुस्तिका जप्त होऊ शकते, छापणाऱ्याला काळ्या पाण्यावर पाठवता येतं. पण ज्या लयीवर अख्खं गाव लहानपणापासून डोलतंय ती जप्त कशी करणार? नवं गाणं पाठ करायला कष्ट पडतात; ओळखीच्या चालीतली ओळ एकदा ऐकली की पाठ होते. ज्याच्या पायात बळ नव्हतं त्याने आपल्या शब्दांना रामदासांची पावलं दिली. मी पंचवीस वर्षं मोडी कागद वाचतो आहे, पण वृत्तामुळे अंगावर काटा आला असं फार कमी वेळा झालं.

दौलतगंज

आत्ता मोठ्याने म्हणून पाहिलं. आधी मनाचा पहिला श्लोक, मग ही ओळ. एकातून दुसऱ्यात कधी गेले ते कळलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरातून सूनबाई बाहेर आली, म्हणाली, “आई, मनाच्या श्लोकांत हे कुठे आहे?”

मोडीवाचक, तुम्ही मला खूप मोठी गोष्ट दिलीत. आमच्याकडच्या मुलांना मनाचे श्लोक येतात. शब्दांचा अर्थ विचारला तर गडबडतात, पण ठेका अंगात आहे.

नयाबाजार

ताई, मी तुमच्या जवळच राहतो, नया बाजारात. आमच्या इकडे पण ही ओळ सगळे सावरकरांच्याच नावावर सांगतात. मी पण तेच सांगत होतो. आता दुरुस्त करून घेतलं.

एक भर घालतो. ही हवा फक्त नाशकात नव्हती, त्याच सुमारास आपल्या ग्वाल्हेर संस्थानातही ‘नवभारत’ नावाच्या गुप्त मंडळीवर खटला झाला होता आणि अभिनव भारताशी जोडलेले लोकही त्या वेळी पकडले गेले. आपल्या गल्ल्यांमधलीच मराठी मुलं. संस्थानात नोकरी करणाऱ्या माणसाने अशी ओळ वहीत उतरवणं ही साधी गोष्ट नव्हती. नाव का लिहिलं नाही ते त्यावरून समजावं.

मोडीवाचक

नयाबाजार, खटल्याचं खरं आहे. नावाच्या बाबतीत मात्र थोडं थांबू या. भीतीने लिहिलं नसेल, किंवा त्यांनाही नाव ठाऊक नसेल. तोंडी आलेली ओळ बऱ्याचदा नावाशिवायच येते. वही एवढंच सांगते की ओळ ग्वाल्हेरपर्यंत पोचली होती. तेही काही थोडं नाही.

तुळशीवृंदावन

जन्मठेप दुसऱ्याची, असं ताईंनी लिहिलं. मला तिसऱ्या व्यक्तीबद्दल लिहायचं आहे.

बाबारावांची पत्नी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी. मालमत्ता जप्त म्हणजे काय हे बाईला विचारावं. स्वयंपाकघरातलं पातेलं-तांब्याही मालमत्ताच असते. नवरा अंदमानात, धाकटा दीर विनायक लंडनला आणि नंतर तोही अंदमानात, सगळ्यात धाकटा नारायण तोही पोलिसांच्या तावडीत सापडलेला. बाबारावांना शिक्षा झाल्यावर लंडनहून विनायकरावांनी वहिनीला ‘सांत्वन’ ही कविता धाडली. ती बऱ्याच जणांना माहीत आहे. वहिनीने काय केलं ते कमी जणांना माहीत आहे. तिने नाशकात बायकांची ‘आत्मनिष्ठ युवती समाज’ ही संघटना उभी केली होती. बायकांना चार भिंतींत एकत्र यायला काय लागतं? हळदीकुंकू लागतं, गाणी लागतात.

१९१९ मध्ये येसूवहिनी गेल्या. नवऱ्याची भेट झाली नाही. बाबाराव सुटून आले तेव्हा घरात त्या नव्हत्या.

ताई, रविवारी मुलांना सांगाल तेव्हा हेही सांगा. कवितेची किंमत कोणी कोणी मोजली, हे सांगायचं तर यादी दोन पुरुषांवर थांबत नाही.

दौलतगंज

सांगेन. हे माझ्या लिहिण्यातून सुटलं याची खंत आहे.

काठावरचा

एक अवघड प्रश्न विचारतो. कोणाला दुखवायचा हेतू नाही.

बाबारावांना शिक्षा झाली, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशकातल्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. अठरा वर्षांचं पोर. ‘रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ हे गाणारी पिढी ती हीच. माडीवर बसून ओळ लिहिणाऱ्याचा या मरणांशी संबंध कसा लावायचा? आणि दुसरं, १९४७ साली स्वातंत्र्य आलं ते मुख्यतः कोणत्या मार्गाने आलं? कवीचा प्रश्न चुकला असं म्हणायचं का? दहा वर्षांच्या मुलीकडून ही ओळ म्हणून घेताना मी तरी अडखळलो असतो.

गोदाकाठ

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. नाशिकच्या माणसाला हा प्रश्न चुकवता येत नाही.

मला एवढं दिसतं. १९०८ मध्ये टिळकांना लेखांबद्दल सहा वर्षं मंडाले. १९०९ मध्ये बाबारावांना कवितांबद्दल जन्मठेप. लिहिल्याची ही शिक्षा असेल तर त्या काळच्या तरुणाला ‘रणावीण’ हा शब्द अतिशयोक्ती वाटला नसणार, रोजचा अनुभव वाटला असणार. आज शंभर वर्षांनी, मधलं सगळं माहीत असताना, आपण त्या ओळीचं उत्तर वेगळं देऊ शकतो. ते देण्याचा अधिकार गांधीजींबरोबर चाललेल्या लाखो लोकांनी मिळवून दिला. पण ज्याने विचारलं त्याला १९०८ मध्ये ते उत्तर उपलब्ध नव्हतं.

कान्हेरेबद्दल मी काही बोलू शकत नाही. अठरा वर्षं म्हणजे माझ्या मुलाचं वय.

राजवाडा_इंदूर

कोर्टाच्या निकालाबद्दल थोडं, कारण त्याचा एक धागा आमच्या गावापर्यंत येतो. हायकोर्टात हा निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर होते. प्रार्थना समाजातले मोठे माणूस, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, आणि पुढे काही काळ आमच्या इंदूर संस्थानचे दिवाण. त्यांनी कविता वाचल्या आणि सांगितलं की देवांची, शिवाजीची नावं हे केवळ निमित्त आहे. खरं सांगणं आहे ते ‘तलवार उचला आणि परकीय सरकार नष्ट करा’.

मला यात एक विलक्षण गोष्ट वाटते. गोविंदांच्या कवितेचं हे वाचन चुकीचं नव्हतं. रूपकाच्या आत काय आहे ते न्यायमूर्तींनी अगदी बरोबर ओळखलं. त्यांना मराठी कळत होतं, पुराण कळत होतं, आणि कळल्यामुळेच शिक्षा कायम झाली. परक्या न्यायाधीशाला अनुवादातून यातलं निम्मंही लागलं नसतं. कवीला सर्वांत नेमका वाचक भेटला तो न्यायासनावर भेटला, याचं वाईट वाटतं.

चाकाची_खुर्ची

धागा दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

वयाच्या चौथ्या वर्षी मला पोलिओ झाला. गोविंदांचं नाव मला माहीत होतं, कारण आमच्यासारख्यांच्या सत्कारात कोणीतरी हमखास त्यांचं उदाहरण देतं. ‘शरीराने पांगळे, पण मनाने वाघ.’ ते ‘पण’ मला आयुष्यभर टोचत आलं आहे. जणू शरीर ही एक चूक होती आणि कविता लिहून त्यांनी ती भरून काढली.

मग एकदा ‘सुंदर मी होणार’ पूर्ण वाचली. बहुतेकांना हे नाव पु. लं.च्या १९५८ च्या नाटकामुळे माहीत असतं. नाव गोविंदांच्या कवितेचं आहे, मरण समोर दिसत असताना त्यांनी लिहिलेल्या कवितेचं. त्या नाटकातली संस्थानिकाची मुलगी दीदी, तिलाही चालता येत नाही आणि तीही कविता करते. ते शीर्षक तिला किती नेमकं दिलं गेलंय हे गोविंदांचं आयुष्य कळल्यावरच मला उमगलं.

कविता म्हणते, मी मरणाने जगणार, आता सुंदर होणार. जुनं सगळं गळून पडेल आणि नवं रूप येईल. लोक यात वेदान्त वाचतात. असेलही, त्यांची ‘वेदान्ताचा पराक्रम’ नावाची कविताच आहे. पण मी ती वाचली तेव्हा मला प्रथम एक माणूस ऐकू आला, ज्याला बावन्न वर्षं या शरीरात राहून शेवटी शरीरच हवं आहे. धडधाकट, सुंदर, नवं. देशासाठी इतका तेजाचा शब्द लिहिणाऱ्याने स्वतःसाठी शेवटी काय मागितलं? सुंदर होणं. वाघ होणं मागितलं नाही.

‘रणावीण’ लिहिणारा आणि ‘सुंदर मी होणार’ लिहिणारा हे दोन वेगळे गोविंद आहेत असं मला वाटत नाही. दोन्हीकडे मागणं तेच आहे. जे जखडलेलं आहे ते सुटावं. एकदा देश म्हणून, एकदा देह म्हणून.

मुलांना सांगताना कृपा करून ते ‘पण’ वगळा. एवढीच विनंती.

दौलतगंज

वगळेन. माझ्या पहिल्या लेखनात मी ‘पुढचं सगळं आयुष्य बसून काढलं’ असं लिहिलं, तेही आज वाचताना मला खटकतं आहे. ते तसंच ठेवते, म्हणजे तुमचा प्रतिसाद कोणत्या संदर्भात आला ते पुढच्याला कळेल. पण ताई, मी शिकले.

आलापी

ग्वाल्हेरच्या धाग्यावर तांब्यांचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे आणि गोविंद जवळपास एका वयाचे. एक इथे संस्थानात, दुसरा नाशकात. तांब्यांनी आपल्या फुलबागेतल्या झाशीच्या राणीच्या समाधीवर कविता लिहिली, ‘हिंदबांधवा, थांब या स्थळी’. वाटसरूला थांबायला सांगून दोन अश्रू ढाळायला सांगणारी. राणी १८५८ च्या जूनमध्ये इथेच पडली. समाधीसमोरून रोज गाड्या जातात, आपण सगळे जातो.

गंमत पाहा, तांबे ‘थांब’ म्हणतात आणि गोविंद ‘ऊठ’ म्हणतात. स्वातंत्र्याच्या कवितेला दोन्ही लागतं.

आणि मरणावर दोघांनीही लिहिलं. तांब्यांची ‘नववधू प्रिया, मी बावरते’ ही वरवर प्रेमकविता, आत मरणाला सामोरं जाणारा जीव. तिथे जीव संकोचतो, सासरी जाताना उंबऱ्यात अडतो. गोविंदांकडे संकोचाचा मागमूस नाही, तिथे उत्सव आहे. दोन्ही गाऊन पाहिलं तर फरक गळ्याला कळतो: एक आत वळते, दुसरी वर चढते. चाकाची_खुर्ची यांनी जे लिहिलं त्यानंतर मला या चढण्याचं कारणही कळलं.

पेठेतला

वाचनखूण साठवली. ‘मुरली’ ही त्यांची कविता कोणी पूर्ण टंकून देऊ शकेल का?

गोदाकाठ

घरी जुनी प्रत आहे, या शनिवारी टंकतो. त्यांच्या कविता संग्रहरूपाने आल्या त्या त्यांच्या मृत्यूनंतर. हयातीत छापणं म्हणजे काय होतं ते वर आलंच आहे.

दौलतगंज

रविवारचा वृत्तान्त.

अकरा मुलं आली. काठीवाले आजोबाही आले, मी स्वतः बोलवायला गेले होते. आधी सगळ्यांना मनाचे पाच श्लोक म्हणायला लावले. मग न थांबता, त्याच ठेक्यात मी ‘रणावीण’ सुरू केलं. तिसऱ्या वेळेला सगळी अकरा मुलं म्हणत होती. आजोबा डोळे मिटून, मांडीवर हाताने ताल धरून बसले होते.

नंतर गोष्ट सांगितली. आबांची माडी, पुस्तिका, खटला, अंदमान, येसूवहिनी. ‘पण’ न वापरता. सांगताना तीन वेळा तो शब्द जिभेवर आला, म्हणजे सवय किती खोल असते ते कळलं. काठावरचा यांचा प्रश्नही मुलांपुढे ठेवला, सोपा करून. एक मुलगा म्हणाला, “गांधीजी पण लढलेच ना, फक्त तलवार नव्हती.” आजोबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला.

गणपतीत कविता म्हणणारी ती मुलगी बराच वेळ बोटं मोजत होती. मग तिने विचारलं, “आजी, बाबाराव किती साली गेले आणि किती साली सुटले?” मी सांगितलं, १९०९ आणि १९२२. ती म्हणाली, “म्हणजे मला आज नेलं तर मी येईन तेव्हा तेवीस वर्षांची असेन. आई ओळखेल का मला?” मी तिला जवळ घेतलं. उत्तर मला देता आलं नाही.

घरी येऊन आजोबांच्या वहीतल्या त्या पानाखाली पेन्सिलने लिहिलं, ‘कवी गोविंद, नाशिक’. मोडीत लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे, आजोबांच्या अक्षरापुढे तर फारच. मोडीवाचक, फोटो तुम्हाला निरोपातून पाठवते, वेलांटी चुकली असेल तर सांगा.

पुढच्या रविवारी ‘सुंदर मी होणार’ घ्यायची आहे. मरणाची कविता दहा वर्षांच्या मुलांना सांगावी की नाही यावर घरात दोन मतं आहेत. पण त्या मुलीनेच मागितली आहे, नाव ऐकून. चाल कोणाला येते का?

मोडीवाचक

फोटो मिळाला. ‘गोविंद’मधली वेलांटी ठीक आहे. ‘नाशिक’मध्येही. मोडीत चुकायला जागाच नाही, एकच तर आहे.

चाकाची_खुर्ची

मला चाल येत नाही. मुलांना शब्द मात्र मी सांगू शकेन, फोनवर. तुम्ही स्पीकर लावा.

आलापी

ताई, दौलतगंजात किती वाजता? येतो मी, पेटी घेऊन.